कॉपीलेफ्ट परवाने आणि त्यांच्या न्याय्यतेचा वाद

कॉपीलेफ्ट परवाना हा प्रताधिकार कायद्याच्या आधाराने दिला जाणारा एक प्रकारचा परवाना होय. एखादी कृती वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि तिच्या प्रती वाटण्याची मुभा तो सर्वांना देतो. मात्र मूळ किंवा बदललेली कृती दुसऱ्याच्या हाती देताना हीच मुभा त्यालाही मिळाली पाहिजे, अशी अट घालतो. संगणकाच्या आज्ञावलींसाठी वापरला जाणारा ग्नू जनरल पब्लिक लायसन्स (जीपीएल) हा या प्रकारातील सर्वांत परिचित परवाना आहे. मजकूर, चित्रे आणि ध्वनिफिती यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘समान वाटणी’ परवाना, तर फॉन्टसाठी सिल ओपन फॉन्ट लायसन्स (ओएफएल) रूढ आहे.

ही अट इतर आज्ञावलीकारांच्या स्वतःच्या संहितेवर अन्यायकारक बंधन घालते काय, हा वाद जवळजवळ कॉपीलेफ्टइतकाच जुना आहे. टीकाकारांच्या मते, दुसऱ्याने लिहिलेल्या थोड्याशा संहितेमुळे स्वतःच्या मोठ्या श्रमावरचा हक्क सोडावा लागणे अनुचित आहे. समर्थकांच्या मते, ज्याने ती थोडीशी संहिता घेतलीच नाही त्याच्यावर कोणतेही बंधन येत नाही आणि ज्याने घेतली त्याने ती अट जाणूनच घेतलेली असते. प्रत्यक्षातील तंटे पाहिले असता असे दिसते, की अट असावी की नसावी यापेक्षा एकाची संहिता कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, या प्रश्नावरच ते अधिक झाले आहेत.

संज्ञा

इंग्रजीतील ‘कॉपीराइट’ या शब्दावर केलेली ही कोटी आहे. ‘राइट’ म्हणजे हक्क आणि उजवा. ‘लेफ्ट’ म्हणजे डावा आणि सोडून दिलेला. ही कोटी मराठीत उतरत नाही, त्यामुळे कॉपीराइटला ‘प्रताधिकार’ हा शब्द रुळला असला तरी कॉपीलेफ्ट हा शब्द आहे तसाच वापरला जातो. १९७६ साली ली-चेन वांग यांनी आपल्या टायनी बेसिक या आज्ञावलीच्या आरंभी हा शब्द विनोदाने छापला होता. त्याला आजचा अर्थ रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीमुळे प्राप्त झाला.

कॉपीलेफ्ट म्हणजे प्रताधिकाराचा त्याग, हा गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये बराच आढळतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. लेखकाने प्रताधिकार सोडून दिला, तर त्याला कोणतीही अट घालता येणार नाही. प्रताधिकार स्वतःकडे ठेवूनच कॉपीलेफ्टची अट घालता येते आणि ती मोडणाऱ्यावर त्याच कायद्याखाली दावा करता येतो.

उगम

स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यातील ईमॅक्स या संपादकाच्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी जेम्स गॉस्लिंग यांच्या ईमॅक्समधील काही संहिता वापरली होती. गॉस्लिंग यांची आज्ञावली तोपर्यंत मुक्तपणे हातोहात फिरत होती. पुढे तिचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले, कंपनीने हरकत घेतली आणि १९८५ मध्ये स्टॉलमन यांना तो भाग काढून नव्याने लिहावा लागला. सर्वांनी मिळून वाढवलेली संहिता एक दिवस एकाच्या मालकीची होऊ शकते, हा अनुभव कॉपीलेफ्टच्या मुळाशी आहे. ग्नू ईमॅक्ससाठी केलेल्या परवान्यातूनच पुढे १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती निघाली. दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये आणि तिसरी २००७ मध्ये आली. लिनक्सचा गाभा १९९२ पासून जीपीएलखाली आहे. तिसरी आवृत्ती आल्यानंतरही तो दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला.

अट कोणाला आणि केव्हा लागू होते

जीपीएलची अट आज्ञावली वापरल्याने लागू होत नाही, खासगीरीत्या बदलल्यानेही होत नाही. ती दुसऱ्याला प्रत दिल्यावर लागू होते. हा भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, नवी मुंबईतील दिवाळे या कोळीवाड्यात राहणाऱ्या एका आज्ञावलीकाराने जीपीएलखाली मिळालेली हिशेबाची एक आज्ञावली घेतली आणि तीत होड्यांनुसार मासळीची आवक, बर्फ व डिझेल यांचा खर्च आणि खलाशांचा वाटा मांडण्याची सोय केली. ती तो केवळ आपल्या घरच्या होडीच्या हिशेबासाठी वापरत असेल, तर त्याने संहिता कोणालाही दाखवण्याची गरज नाही. गावातील मच्छीमार सहकारी संस्थेला त्याने ती विकली, तर मात्र संस्थेला तिची मूळ संहिता जीपीएलच्याच अटींवर मिळाली पाहिजे. ‘विकली’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे; जीपीएल किंमत घेण्यास मनाई करत नाही. संहिता साऱ्या जगासाठी खुली करण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. पुढे संस्थेने ती आज्ञावली उरणजवळच्या करंजा येथील एखाद्या संस्थेला फुकट दिली, तर तिला अडवण्याचा हक्क त्याला नाही. त्याने गमावले ते एवढेच: त्याच आज्ञावलीच्या प्रती आपल्याखेरीज दुसऱ्या कोणी देऊ नयेत, ही मक्तेदारी.

आता त्याच आज्ञावलीकाराने संस्थेच्या सभासदांना भाव कळवणारी संदेश पाठवण्याची एक वेगळी आज्ञावली स्वतः लिहिली आणि दोन्ही एकाच संगणकात बसवून दिल्या, असे मानू. हिशेबाची आज्ञावली आकड्यांची एक धारिका तयार करते आणि दुसरी ती वाचते, इतकाच दोहोंचा संबंध असेल, तर दुसरी आज्ञावली त्याची स्वतःची राहते. एकाच डिस्कवर शेजारी ठेवल्याने जीपीएल पसरत नाही, हे परवान्यातच सांगितले आहे. परंतु संदेशाचा भाग त्याने हिशेबाच्या आज्ञावलीच्या पोटात लिहिला, तिच्या अंतर्गत कार्यांना थेट बोलावणारा, तर तो संपूर्ण कृतीचा भाग ठरण्याचा संभव आहे. या दोन टोकांच्या मधला प्रदेश मात्र धूसर आहे आणि बहुतेक भांडणे तेथेच होतात.

टीकाकार या अटीला ‘संसर्गजन्य’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सच्या संदर्भात कर्करोगाची उपमा वापरली होती. या उपमा फारशा नेमक्या नाहीत. रोग जडताना संमती विचारत नाही. त्यापेक्षा विरजणाचा दाखला जवळचा वाटतो. चमचाभर विरजणाने पातेलेभर दुधाचे दही होते ही टीकाकारांची तक्रार खरी आहे, पण विरजण दुधात कोणी तरी घालावे लागते. हा दाखलाही एका ठिकाणी अपुरा पडतो. दह्याचे पुन्हा दूध होत नाही. संहितेतून जीपीएलचा भाग काढून तेथे स्वतःचा लिहिता येतो आणि मग अट उरत नाही. परवाना मोडल्यामुळे एखाद्याची खासगी संहिता आपोआप जीपीएलखाली जाते, हीही चुकीची समजूत आहे. परवाना मोडणारा प्रताधिकाराचे उल्लंघन करणारा ठरतो. वाटप थांबवणे, नुकसानभरपाई देणे किंवा स्वेच्छेने संहिता खुली करणे, हे मार्ग त्याच्यापुढे राहतात.

सीमेवरील तंटे

१९८० च्या दशकाच्या अखेरीस नेक्स्ट या स्टीव्ह जॉब्ज यांच्या कंपनीने ग्नूच्या जीसीसी या संकलकाला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड लिहिली. जीसीसी जीपीएलखाली होता. नेक्स्टला आपली जोड यंत्रभाषेतील धारिकांच्या रूपात द्यायची होती आणि ती जीसीसीला जोडण्याचे काम ग्राहकावर सोपवायचे होते. दोन तुकडे वेगवेगळे दिले आणि ग्राहकाने एकत्र केले, तर वाटणारा अटीतून सुटतो काय, हा येथील खरा प्रश्न होता. स्टॉलमन यांनी त्यास नकार दिला आणि शेवटी नेक्स्टने जोडीची संहिता खुली केली. वर्षानुवर्षे ॲपलच्या संगणकांवरील आज्ञावली ज्या भाषेत लिहिल्या गेल्या, तिच्या मुक्त संकलकाचा उगम या नाइलाजात आहे.

दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. ब्रूनो हायब्ले हे सीलिस्प या लिस्प भाषेच्या आज्ञावलीचे एक कर्ते. सीलिस्प त्यांची स्वतःची होती, परंतु टंकलेली ओळ दुरुस्त करण्याच्या सोयीसाठी ती रीडलाइन ही छोटी लायब्ररी वापरत असे. रीडलाइन जीपीएलखाली होती. १९९२ मध्ये यावरून हायब्ले आणि स्टॉलमन यांच्यात बरीच पत्रापत्री झाली. सीलिस्पमध्ये रीडलाइन अनिवार्य नाही, ती केवळ जोडली जाते, असे हायब्ले यांचे म्हणणे होते. रीडलाइनसह वाटली जाणारी संपूर्ण आज्ञावली ही एकच कृती होय, असे स्टॉलमन यांचे. अखेरीस हायब्ले यांनी सीलिस्प जीपीएलखाली दिली. जीपीएलचे समर्थक हे यश म्हणून सांगतात. तथापि मोठ्या इमारतीला एका दाराच्या कडीमुळे नवे नाव मिळावे तसे हे झाले, ही टीकाही अगदीच निराधार म्हणता येत नाही. ज्यांना ही अट मान्य नव्हती त्यांच्यासाठी पुढे लिबएडिट ही शिथिल परवान्याची पर्यायी लायब्ररी उपलब्ध झाली. रीडलाइनच्या कर्त्यांचे काहीच हिरावले गेले नाही आणि इतरांचेही काम अडले नाही.

लायब्ररींच्या बाबतीत ही अट जड होते, हे स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही मान्य केले होते. १९९१ मध्येच तिने लायब्ररींसाठी एलजीपीएल हा सौम्य परवाना काढला. त्याखालील लायब्ररी खासगी आज्ञावलीला जोडता येते. लायब्ररीत बदल केले तर तेवढे बदल खुले करावे लागतात आणि वापरकर्त्याला लायब्ररीची बदललेली आवृत्ती बसवता येईल अशी सोय ठेवावी लागते.

२०१० मध्ये वर्डप्रेसच्या थीमवरून असाच वाद झाला. वर्डप्रेस जीपीएलखाली आहे. थीसिस ही लोकप्रिय थीम विकणारे ख्रिस पिअर्सन यांच्या मते थीम ही त्यांची स्वतंत्र कृती होती. वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग यांच्या मते ती वर्डप्रेसच्या कार्यांवाचून चालूच शकत नसल्याने साधित कृती होती. प्रकरण न्यायालयात गेले नाही. पिअर्सन यांनी थीममधील पीएचपी संहिता जीपीएलखाली दिली आणि रचनेच्या धारिका व चित्रे यांच्यावरील हक्क स्वतःकडे ठेवले.

मुक्त आज्ञावलीकारांमधील तक्रार

कॉपीलेफ्टमुळे व्यापारी कंपन्यांची अडचण होते, हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो. पण तो सर्वांत वजनदार नाही. ज्याला दुसऱ्याचे श्रम विनामूल्य हवेत आणि आपले मात्र झाकून ठेवायचे आहेत, त्याच्या तक्रारीला नैतिक बळ कमीच असते. अधिक गंभीर तक्रार आहे ती मुक्त संहिताच लिहिणाऱ्या इतरांची.

बीएसडी आणि एमआयटी हे शिथिल परवाने केवळ श्रेयनामाची आणि परवान्याचा मजकूर जपण्याची अट घालतात. त्यामुळे त्यांच्याखालील संहिता जीपीएलच्या प्रकल्पात घेता येते, पण जीपीएलची संहिता बीएसडीच्या प्रकल्पात, तिचा परवाना तसाच ठेवून, घेता येत नाही. पाणी एकाच दिशेने वाहते. २००७ मध्ये ओपनबीएसडीसाठी राइक फ्लोटर यांनी लिहिलेली ॲथेरॉस वायरलेस यंत्रांची संहिता लिनक्ससाठी घेताना एका प्रस्तावित बदलात तिच्या परवान्याच्या जागी जीपीएल आला. ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांनी त्यावर कडाडून टीका केली: कंपनी निदान आपले बदल देत नाही एवढेच; येथे मुक्त आज्ञावलीकारांनीच दिलेले परत मिळण्याची वाट बंद केली. मूळ लेखकाच्या संमतीवाचून त्याच्या संहितेवरील परवाना पुसता येत नाही, हे मान्य होऊन ती चूक दुरुस्त झाली. परंतु भर घातलेला भाग जीपीएलखाली ठेवण्यास कायद्याची आडकाठी नव्हती आणि नाही.

दोन कॉपीलेफ्ट परवाने एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा तर दोन्हीकडे सद्भाव असूनही संहिता एकत्र करता येत नाही. सन कंपनीची झेडएफएस ही धारिकाप्रणाली सीडीडीएल या परवान्याखाली आहे आणि लिनक्स जीपीएलखाली. दोन्ही मुक्त, तरीही उबुंटूने २०१६ मध्ये झेडएफएस लिनक्ससोबत दिले, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने तो परवान्याचा भंग असल्याचे मत जाहीर केले. उबुंटूमागील कॅनॉनिकल कंपनीने ते मान्य केले नाही.

तिसरी तक्रार दुहेरी परवान्याची. एखादी कंपनी आपली आज्ञावली जीपीएलखाली देते आणि ज्याला अट नको असेल त्याला पैसे घेऊन वेगळा परवाना विकते. मायएसक्यूएल हे याचे प्रसिद्ध उदाहरण. हे करता यावे म्हणून बाहेरच्या योगदात्यांकडून त्यांच्या संहितेवरील हक्क आधीच लिहून घेतले जातात. परिणामी कंपनीला खासगी परवाना विकता येतो, योगदात्याला येत नाही. अट सर्वांना सारखी, हा कॉपीलेफ्टचा मुख्य नैतिक आधार येथे ढासळतो. लिनक्सच्या गाभ्यात असे होऊ शकत नाही, कारण तेथे हजारो लेखकांचे प्रताधिकार त्यांच्यापाशीच आहेत.

देवनागरी फॉन्ट

मराठी वाचकांच्या रोजच्या व्यवहारात हा वाद कोठे आला असेल, तर तो फॉन्टमध्ये. युनिकोडच्या सुरुवातीच्या काळात लिनक्सवर मराठी दिसण्यासाठी मोजकेच मुक्त फॉन्ट होते. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाचा ‘गार्गी’ हा जीपीएलखाली होता. ‘लोहित’ हा भारतीय लिप्यांसाठीचा फॉन्टसमूह पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून मिळवून रेड हॅटने जीपीएलखाली प्रसृत केला.

जीपीएल आज्ञावलींसाठी लिहिलेला आहे. फॉन्टला तो लावल्यावर एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. पीडीएफ तयार करताना फॉन्टमधील अक्षरांचे आराखडे त्या धारिकेत बसवले जातात. मग जीपीएलच्या फॉन्टमध्ये जुळवलेली कादंबरी ही फॉन्टवरून साधलेली कृती होते काय? तिच्या लेखकाने कादंबरी जीपीएलखाली द्यावी काय? असा आग्रह कोणी धरला नाही, पण परवान्याच्या अक्षरात ही शंका राहत होती. ती दूर करण्यासाठी जीपीएलला ‘फॉन्ट अपवाद’ जोडण्याची पद्धत पडली: दस्तऐवजात फॉन्ट अंतर्भूत केल्याने तो दस्तऐवज जीपीएलखाली येत नाही.

ओएफएल या परवान्यात ही मर्यादा स्पष्ट केलेली आहे. फॉन्ट बदलून वाटायचा तर ओएफएलखालीच वाटावा लागतो, म्हणजे तो कॉपीलेफ्टच आहे. परंतु त्या फॉन्टमध्ये छापलेल्या मजकुराला ही अट लागत नाही. फॉन्ट सुटा विकता येत नाही, आज्ञावलीसोबत विकता येतो. मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव बदललेल्या फॉन्टला वापरता येत नाही. लोहित फॉन्ट सप्टेंबर २०११ मध्ये ओएफएलखाली आणले गेले. हा बदल कॉपीलेफ्टचा पराभव म्हणून सांगितला जातो तो बरोबर नाही. अट तशीच राहिली; ती कोठवर पोचते याची रेघ तेवढी ठळक झाली.

या रेघेचा लाभ पुढच्या कामात दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या फॉन्टच्या देवनागरी अक्षरांवरून भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे ‘शोभिका’ हा फॉन्ट तयार झाला. संस्कृत ग्रंथांच्या छपाईला लागणारी जोडाक्षरे आणि चिन्हे त्यात वाढवली आहेत. शोभिकाच्या कर्त्यांना नव्याने अक्षरे रेखाटावी लागली नाहीत आणि शोभिकाही ओएफएलखालीच आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्टही याच परवान्याखाली मिळतो. वृत्तपत्रे, संकेतस्थळे आणि खासगी कंपन्या असे फॉन्ट वापरू शकतात; त्यासाठी त्यांच्या मजकुरावर कोणतेही बंधन येत नाही.

ईआरपीनेक्स्ट आणि फ्रॅपे

रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही उद्योगांच्या हिशेबाची, साठ्याची आणि विक्रीची आज्ञावली जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. ती ज्या पायावर उभी आहे, तो फ्रॅपे फ्रेमवर्क मात्र एमआयटी परवान्याखाली आहे. एकाच घरातील ही दोन परवान्यांची विभागणी अभ्यासण्याजोगी आहे. फ्रॅपेवर कोणीही स्वतःची स्वतंत्र आज्ञावली बांधावी आणि हवी तर खासगी ठेवावी. ईआरपीनेक्स्टमध्ये बदल करून त्याची प्रत ग्राहकाला दिली, तर मात्र ग्राहकाला बदलांची संहिता मिळाली पाहिजे. ज्या थरावर इतरांनी बांधावे असे वाटते तो शिथिल ठेवायचा आणि जो स्वतःच तयार माल आहे त्याला कॉपीलेफ्टचे कुंपण घालायचे, असे हे धोरण आहे. एलजीपीएलमागचा विचार याच दिशेचा होता.

परवाना आणि बोधचिन्ह या वेगळ्या बाबी आहेत, हेही येथे लक्षात घ्यावे. ईआरपीनेक्स्टची संहिता घेऊन कोणी वेगळे उत्पादन काढू शकतो. त्याला ईआरपीनेक्स्ट हे नाव देण्याचा हक्क जीपीएलमुळे मिळत नाही.

मजकुरातील समान वाटणी

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील मजकूर हाही कॉपीलेफ्टच आहे. आरंभी तो ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली होता, २००९ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या समान वाटणी परवान्याखालीही आला आणि २०२३ पासून त्या परवान्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे. एखाद्या प्रकाशकाने विकिपीडियातील लेख आपल्या संग्रहात घेतला, तर श्रेय देऊन तो लेख त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो. संग्रहातील इतर लेखांवर परिणाम होत नाही. त्या लेखाचा अनुवाद किंवा संक्षेप केला, तर तो रूपांतर असल्याने समान वाटणीखाली येतो. मजकुरात संग्रह आणि रूपांतर यांतील भेद आज्ञावलीपेक्षा बराच सोपा आहे. म्हणूनच तेथे तंटे कमी होतात. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोकणी विश्वकोश याच प्रकारच्या परवान्याखाली खुला केला, तेव्हा तो विकिस्रोतावर आणणे शक्य झाले.

भारतीय कायदा

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम २ (ओ) नुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृती आहे आणि कलम १४ मध्ये तिच्यावरील अनन्य हक्क सांगितले आहेत. अमेरिकी कायद्यातील ‘साधित कृती’ ही संज्ञा भारतीय कायद्याच्या या भागात नाही; येथे ‘रूपांतर’ हा शब्द असून कृतीची पुनर्रचना किंवा तीत फेरफार करणारा कोणताही वापर त्यात येतो. जीपीएलची दुसरी आवृत्ती अमेरिकी संज्ञेवर बेतलेली आहे. तिसऱ्या आवृत्तीत ती टाळून निरनिराळ्या देशांच्या कायद्यांशी जुळेल अशी शब्दयोजना केली आहे.

कल्पनेवर प्रताधिकार नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सांगितले. तो खटला नाटक आणि चित्रपट यांच्यातील होता, पण तत्त्व आज्ञावलींनाही लागू पडते. जीपीएलची आज्ञावली पाहून तिची कल्पना उचलणाऱ्याने आपली संहिता स्वतः लिहिली, तर त्याच्यावर परवान्याचे बंधन नाही. कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे मिळालेली आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिलेल्या आज्ञावलीशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याची मुभाही आहे. म्हणजे दुसऱ्याच्या संहितेशी ‘बोलणे’ आणि ती ‘घेणे’ यांत कायद्यानेच काही अंतर राखले आहे.

कलम ३० प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. कलम ३०-अ द्वारे कलम १९ मधील तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात; त्यांपैकी एकीनुसार मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षे आणि दुसरीनुसार प्रदेश सांगितला नसेल तर तो भारत, असे गृहीत धरले जाते. जीपीएलची तिसरी आवृत्ती प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी परवाना देते, तसे तीत लिहिलेलेच आहे. दुसऱ्या आवृत्तीत असे स्पष्ट वाक्य नाही. भारतात मुक्त आज्ञावली प्रसृत करणाऱ्यांनी परवाना निवडताना हा फरक ध्यानात ठेवावा असा आहे.

परदेशातील निवाडे

कॉपीलेफ्टची अट ही केवळ विनंती नसून न्यायालयात टिकणारी अट आहे, हे म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये हाराल्ड वेल्टे यांच्या दाव्यात सिटकॉम कंपनीविरुद्ध मान्य केले. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खेळण्यातील आगगाड्यांच्या आज्ञावलीच्या खटल्यात मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरू शकते, असा निर्णय दिला. तो परवाना कॉपीलेफ्ट नव्हता, पण तत्त्व सर्व मुक्त परवान्यांना उपयोगी पडले. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये जीपीएलखालील लासो या लायब्ररीच्या प्रकरणी ऑरेंज या दूरसंचार कंपनीला भरपाईचा आदेश दिला.

न्यायालयाबाहेरचे सर्वांत फलदायी प्रकरण लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचे. त्यात लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर २००३ मध्ये कंपनीला संहिता प्रसिद्ध करावी लागली आणि तिच्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जन्मला.

जाळ्यावरील सेवा

प्रत दिल्यावरच अट लागू होते, या नियमामुळे इंटरनेटच्या काळात एक पळवाट निर्माण झाली. आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर चालवून तिची केवळ सेवा विकणारा कोणालाही प्रत देत नाही. त्यामुळे जीपीएलखाली त्याने बदल उघड करण्याची गरज नसते. वर दिलेल्या उदाहरणातील आज्ञावलीकाराने मासळीच्या हिशेबाची सोय संकेतस्थळावरून मासिक वर्गणीने दिली असती, तर मच्छीमार संस्थेला संहिता मागता आली नसती. ही पळवाट बंद करण्यासाठी नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिच्याखालील आज्ञावली बदलून जाळ्यावरून वापरायला दिली, तर वापरणाऱ्यांना बदलांची संहिता द्यावी लागते. फ्रॅपेच्या सीआरएम आणि हेल्पडेस्क या नंतरच्या आज्ञावली याच परवान्याखाली आहेत.

२०१८ मध्ये मोंगोडीबीने याच्याही पुढे जाऊन एसएसपीएल हा परवाना काढला. आज्ञावलीची सेवा विकणाऱ्याने सेवा चालवण्यासाठी लागणाऱ्या व्यवस्थापनाच्या, देखरेखीच्या आणि साठवणीच्या आज्ञावलींची संहिताही खुली करावी, अशी त्याची मागणी आहे. येथे अट घेतलेल्या संहितेपुरती राहत नाही, तिच्या शेजारी चालणाऱ्या स्वतंत्र संहितेवरही जाते. म्हणजे कॉपीलेफ्टवर पहिल्यापासून जो आरोप होत आला, तो या परवान्याच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने एसएसपीएलला मुक्तस्रोत परवाना म्हणून मान्यता दिलेली नाही.